सुतकात वाजलेली हलगी

आमच्या देविदासमामांना काळजी करायला कारण लागत नाही. आभाळ भरून आलं तर ओढा येईल म्हणून काळजी, आभाळ निवळलं तर पिकं करपतील म्हणून काळजी. एसटी वेळेवर आली तरी ते रस्त्याकडे बघत पुटपुटतात, "आज कामून वेळेवर आली असंल?" तारामतीमामी सांगते की स्वतःच्या लग्नात अक्षता पडत असताना हा माणूस मांडवाचा वासा नीट बांधलाय का ते बघत होता. हे ती चारचौघांत सांगते आणि मामा मुकाट ऐकून घेतात, कारण ते खरं आहे.

मामा बिबवाडीचे कोतवाल. सरकारने या पदाचं नाव आता महसूल सेवक केलंय, मामांनी ते ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. काम जुनंच आहे. तहसिलातला निरोप घरोघर पोचवायचा, नुकसानीच्या पंचनाम्याला तलाठी मॅडमबरोबर बांधाबांधाने हिंडायचं, कुणी जन्मलं-मेलं तर कळवायचं, आणि दवंडी द्यायची. दवंडीची हलगी घरचीच, मामांच्या आजोबांपासूनची. कडं तेच, चामडं तेवढं बदलत आलं.

मी लातूरला एका शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पुस्तकात बालाघाटच्या डोंगररांगेला दीड ओळ दिली आहे, आणि माझं आजोळ त्या दीड ओळीत कुठेतरी बसतं. बिबवाडी डोंगरमाथ्यावर, दोन जिल्ह्यांच्या अगदी शिवेवर. गाव नांदेड जिल्ह्यात, पण खाली उतरायचा डांबरी रस्ता लातूरच्या अंगाला. सातबारा एका जिल्ह्यात आणि दवाखाना दुसऱ्या. तहसिलात जायचं तर आधी आपला जिल्हा सोडून डोंगर उतरायचा आणि मोठा वळसा घालून पुन्हा आपल्याच जिल्ह्यात शिरायचं. मोबाईलला रेंज मिळते ती फक्त मारुतीच्या पारावर, तीही लातूरच्या टॉवरची. त्यामुळे पावसाळ्यात मामांच्या फोनवर दोन्ही जिल्ह्यांचे इशारे येतात. एकीकडून पिवळा, दुसरीकडून नारंगी. मामा दोन्ही खरे धरून चालतात.

वाडीची लोकसंख्या विचाराल तर कोणत्या महिन्यातली ते आधी सांगा. दिवाळी झाली की निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, काही हैदराबादला बांधकामावर. पावसाळ्यात सगळी परत येतात, पण तेव्हाही माथ्यावर सापडत नाहीत. माथ्यावर नुसता मुरूम आहे. पिकणारी काळी जमीन खाली, कड्याच्या पायथ्याशी ओढ्याच्या दोन्ही काठांना, तिला सगळे दरा म्हणतात. दऱ्यात प्रत्येकाचा आखाडा आहे, म्हणजे शेतातलं पत्र्याचं घर. श्रावण-भादव्यात माणसं आणि देवणी जातीची गुरं तिकडेच मुक्काम ठोकतात. माथ्यावर उरतात ती म्हातारी माणसं, कुलपं आणि आमचे मामा.

गेल्या भादव्यात मी वाडीला गेले ती दगडोबाकाकांच्या मयतीनंतर, त्यांच्या बायकोला, पंचफुलाकाकूंना, भेटायला. त्यांचं घर मामांच्या घराला लागून आहे, मधे फक्त एक गुडघाभर भिंत. लहानपणी मी निम्म्या भाकरी त्यांच्याच चुलीवरच्या खाल्ल्यात. मी पोचले तेव्हा सातवा दिवस होता. काका जिथे टेकले होते तिथे दिवा तेवत होता आणि काकू दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. अन्न नाही, बोलणं नाही. मी गळ्यात पडून रडले, त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि पुन्हा समोर बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांची एकुलती एक लेक राजकन्या वाडीतच दिलेली आहे. लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. ते फिटल्यावर ती नवऱ्याबरोबर, बालाजीबरोबर, दऱ्यात आखाड्यावर गेली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण मूग तोडणीला आला होता आणि पावसाचं काही खरं नव्हतं. शेंग झाडावर भिजली की आतल्या आत कोंब फुटतात, मग तो मूग कुणी घेत नाही. माझी मामीही तिच्याच रानात मूग तोडायला गेली होती. जाताना राजकन्या मामांना बजावून गेली होती, "मायकडं ध्यान ठिवा. ती तेराव्यापस्तोर टिकंल असं मला वाटंना." वाडीत सगळेच तसं बोलत होते. एवढा जन्माचा जोडीदार गेल्यावर म्हातारी मागोमाग जाणार, हे जणू ठरूनच गेलं होतं.

वाडीची एक रीत इथे सांगायला हवी. मयतीपुढे वाजलेली हलगी घरी आली की ती खुंटीला, तोंड भिंतीकडे करून टांगतात आणि तेराव्यापर्यंत उतरवत नाहीत. मधेच तिच्यावर मयतीचा ठेका वाजला तर त्याचा अर्थ एकच, दुसरं माणूस गेलं. आणि तो ठेका ऐकला की शिवारात असेल त्याने हातातलं काम टाकून घरी यायचं. त्या वेळी मातीला हात लावायचा नाही. भांडणातली भावकीसुद्धा येते. मामांनी तो आठवडाभर दवंडी दिली ती नुसत्या तोंडाने, कड्यावर उभं राहून. ओढ्याकाठी जाऊ नका, पावसाचा इशारा हाय. खालचे लोक मूग तोडत राहिले.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छान ऊन पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी उघडीप मिळाल्याने दऱ्यात झुंबड होती. मामा मात्र पारावर फोन घेऊन बसलेले. रात्री वरच्या अंगाला, लातूरच्या हद्दीत, ढग फुटल्यासारखा पाऊस झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी चहा घेतला नव्हता. मी त्यांना चिडवत होते. "मामा, ऊन पडलंय, आता उन्हाची काळजी करा थोडी." तेवढ्यात फोन वाजला. तलाठी मॅडम होत्या. फोन कानाला दाबून मामा ऐकत होते, पण मॅडमचा आवाज इतका चढलेला होता की मलाही सगळं कळत होतं. ओढ्याच्या उगमाकडचा पाझर तलाव काठोकाठ भरला होता, भराव एका बाजूने खचत होता, तो कधीही फुटेल.

"मॅडम, किती टाइम हाय?" मामांनी विचारलं.

"फुटला तर तासाभरात पाणी तुमच्या दऱ्यात येईल. सगळ्यांना वर काढा, देविदासराव. मी इकडून निघालेय, पण रस्त्यावर पाणी आहे."

मी मामांकडे बघितलं. जन्मभर ज्याची धास्ती घेतली तेच समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि आता त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला होता. मी म्हटलं, "मी पळत उतरते."

"ही चप्पल घालून? मधीच बसशील," मामा म्हणाले. "चिखलानं वाट निसरडी झाली. उतराया तास, त्यान्ला वर याया तास. पानी थांबतंय व्हय?"

ते कड्याकडे धावले, मागे मी. खाली ओढा, दोन्ही काठांना हिरवे तुकडे, पत्र्याचे आखाडे उन्हात चमकत होते. वाकलेल्या बायका ठिपक्याएवढ्या दिसत होत्या. मामांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारल्या. मीही मारल्या. वारं आमच्याच अंगावर येत होतं. खालून कुणीतरी हात हलवला. ऐकू आलं म्हणून नव्हे, तर मामा रोजच तिथून काहीतरी ओरडतात म्हणून. ती मामीच असावी असं मला वाटलं आणि मला रडू फुटलं.

मामा वळले आणि घरात गेले. भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या हलगीला त्यांनी हात घातला, आणि तसाच मागे घेतला. "सुतक हाय," ते म्हणाले.

मला इतका राग आला की मोठ्यांशी कसं बोलावं हेही सुचलं नाही. "माणसं बुडायची वेळ आली आणि तुम्ही सुतक घेऊन बसलात? वाजवा की."

"काय वाजवू, पुनम?" मामा माझ्याकडे वळले. "दवंडीचा ठेका धरला तर म्हनतील, लागला देविदास बोंबलाया. असं ऊन पडल्यालं, कोनी मूग सोडनार न्हाई. तुजी मामीच सोडायची न्हाई. मयतीचा धरला तर येतील. जीव टाकून येतील. पर कोनाची वाजवू?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं.

"माजी वाजव."

पंचफुलाकाकू आपल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काका गेल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"काकू, जित्या मानसाची कशी वाजवू? पाप लागंल मला."

"राजकन्या खाली हाय," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कोनासाटी ती मूग सोडंल का? समदे वाटच बगून राहिले माजी. वाजव म्हनते ना."

मामांनी हलगी उतरवली. थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. पावसाळ्याच्या दमटपणाने चामडं सैल पडलं होतं. हलगी जाळावर शेकल्याशिवाय कड्यापलीकडे काय, अंगणापलीकडेही जाणार नव्हती. मामांच्या घरची लाकडं बाहेर पडवीत, सगळी ओली. मी काडीमागून काडी ओढत होते, नुसता धूर होत होता. तेवढ्यात काकू घरातून कापसाच्या पऱ्हाट्यांची मोळी ओढत बाहेर आल्या. तेराव्याच्या स्वयंपाकासाठी आढ्याखाली रचून ठेवलेलं सरपण ते, खडखडीत वाळलेलं. त्यांनी मोळी अंगणात टाकली, काकांच्या दिव्यावर एक काटकी पेटवून आणली आणि जाळ केला. जाळावर हलगी फिरवताना मामा दर क्षणी वरच्या अंगाला, ओढा येतो त्या खिंडीकडे, बघत होते.

मग ते कड्यावर गेले आणि त्यांनी ठेका धरला. दोन सुट्या थापा, थांबा. दोन थापा, थांबा. मी तो ठेका याआधीही ऐकला होता, पण जिच्यासाठी तो वाजतोय ती बाई शेजारी पदर खोचून उभी असताना तो ऐकणं मला सहन होईना. मामांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. काकू मात्र खाली बघत होत्या.

"थांबल्या," त्या म्हणाल्या.

खरंच वाकलेले ठिपके सरळ झाले होते. एक ठिपका एकदम पळायला लागला. एवढ्या उंचीवरूनही कळत होतं ती कोण आहे. मग दुसऱ्या रानातून, तिसऱ्या आखाड्यातून माणसं निघाली आणि वाटेला लागली. झाडीत शिरल्यावर ती दिसेनाशी झाली. मामा वाजवतच राहिले. मधे एकदा हात थांबला तर काकूंनीच दटावलं, "वाजव रं, मधीच जिती करू नको."

ती वाट बघणं मी विसरणार नाही. एकीकडे खिंड, दुसरीकडे झाडी. पाणी आधी दिसेल की माणसं. मी देवाचं नाव घेत होते, कोणत्या देवाचं ते मलाही सांगता येणार नाही.

राजकन्या सगळ्यांच्या आधी वर आली. पाय चिखलाने माखलेले, ऊर बडवत, "माय गं, मला टाकून गेलीस गं" असा टाहो फोडत ती अंगणात शिरली. आणि थबकली. जाळाशेजारी तिची आई बसली होती.

"रड की," काकू म्हणाल्या. "थांबलीस कामून?"

राजकन्या आईच्या अंगावर कोसळलीच. मागून बाकीचे आले, धापा टाकत, पदराने डोळे पुसत. काकूंना जिवंत पाहून आधी सगळे गार झाले आणि मग पेटले. असली थट्टा करतात का, सुतकाची तरी लाज ठेवायची, म्हातारपणी डोकं फिरलं का. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मामीचा. "आता काळजी करून भागंना, तर मानसं माराया लागलात व्हय?" मामांना धाप लागली होती. त्यांनी खिंडीकडे बोट केलं. मी सांगितलं, तलाव फुटतोय, मॅडमचा फोन आलाय. सगळ्यांनी तिकडे बघितलं. खिंडीत ऊन होतं. ओढा रोजच्यासारखा वाहत होता.

वेळ गेला. आणखी गेला. लोक चुळबुळायला लागले. मूग तोडून तसाच बांधावर पडलाय, शेरडं राखायला कुणी नाही. अमृतराव म्हणून एक वयस्क शेतकरी, मामांनाही वडीलधारे, वाटेकडे निघाले. त्यांच्यामागे आणखी दोघे. आणि मला, खरं सांगते, क्षणभर वाटलं की पाणी आलं नाही तर मामांना या वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

मामा वाटेच्या तोंडाशी जाऊन आडवे उभे राहिले. हलगी छातीशी धरलेली. "जायचं न्हाई," ते म्हणाले. "मला काय मारायचं ते मारा. खाली जायचं न्हाई." जन्मभर सगळ्यांच्या पुढ्यात मान खाली घालून वावरलेला माणूस तो. अमृतराव थांबले, रागाने नव्हे, आश्चर्याने.

तेव्हाच राजकन्येने मान वर करून चहूकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुटं हायत?"

बालाजी आला नव्हता. तू हो पुढं, मी जनावरं सोडून येतो, असं म्हणून तो मागे राहिला होता. राजकन्या उठायच्या आत खिंडीकडून घरघर ऐकू आली. ट्रक चढावर येतोय असं मला वाटलं, पण त्या बाजूला रस्ताच नाही. मग खिंडीतून मातकट पाणी बाहेर पडलं, झाडं घेऊन. दोन्ही काठांचे हिरवे तुकडे एकामागून एक झाकत गेले. आखाड्यांचे पत्रे उलटे होऊन वाहत निघाले. काकूंनी लेकीचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

झाडीत काटक्या मोडल्या. देवणी गाय वर आली, गळ्यात तुटलेलं दावं. तिच्यामागे दोन बैल. त्यांच्यामागे कुणी नाही. राजकन्येचा आवाज बसला होता, तिचे नुसते ओठ हलत होते. मामा वाटेने खाली उतरायला लागले आणि पहिल्याच वळणावर बालाजी वर येताना भेटला, ढोपर फुटलेला, एका हातात बायकोची चप्पल. राजकन्या पळताना ती वाटेत टाकून आली होती.

दऱ्यातला मूग गेला, माती गेली, काही शेरडं गेली. माणूस एकही गेलं नाही. संध्याकाळी चिखलात रुतलेल्या गाडीतून उतरून, चालत तलाठी मॅडम वर पोचल्या. मामांनी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुमी खालच्या पुलावरून कामून आल्या? जुना हाय त्यो." पुढे दोन्ही जिल्ह्यांच्या पेपरांत चार ओळी आल्या, एका पेपरने वाडी भलत्याच तालुक्यात टाकली.

मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांना नवीच काळजी लागली होती. जिवंत माणसाची मयत वाजवली, आता हलगीचा शब्द खरा झाला तर? तेरावं झालं, दिवाळी गेली, तरी ते रोज पहाटे उठून तोंडही न धुता, हातात रिकामा तांब्या घेऊन त्या गुडघाभर भिंतीपाशी जातात आणि विचारतात, "काकू, हाय का?"

"हाय की," आतून उत्तर येतं. मग मामा तोंड धुतात. मामी म्हणते की तीस वर्षांत त्यांनी तिची अशी चौकशी केली नाही.

संक्रांतीला मी गेले तेव्हा एका पहाटे उत्तर आलं नाही. मामांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मी उडी मारून पलीकडे गेले. काकू घरामागे गायीची धार काढत होत्या. मामा भिंतीला धरून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. काकूंना त्यांची दया आली असावी. चरवी घेऊन त्या भिंतीपाशी आल्या.

"देविदास, एक सांग," त्या म्हणाल्या. "म्या खरंच जाईन तवा तू हलगी वाजवशील. लोक म्हनतील, पानी आलं, आन् नुस्ते वर पळत सुटतील. माज्या मयतीला कोन येनार मग?"

मामांनी यावर खूप वेळ विचार केला. काळजीनेच केला, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"पळू द्या की काकू," शेवटी ते म्हणाले. "पळत येऊन थांबतील तर तुमच्याच अंगनात."

काकूंनी चरवीतलं दूध त्यांच्या तांब्यात ओतलं आणि म्हणाल्या, "जा, तोंड धू आधी."